वुकाशिनचा धूर आणि माझी नळी

पिरोत, गुरुवार

ती. स्तामेंकावन्संना दरिंकाचा वाकून नमस्कार,

तर त्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली, कोंबड्यांना मका टाकला, अंगण झाडलं, कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं आणि रोजच्यासारख्या दोन सिगारेटी पेटवल्या. एक माझी. दुसरी तुमच्या भावाची, माझ्या वुकाशिनची, ती बशीच्या कडेवर ठेवायची. तो गेल्यापासूनची ही पद्धत आहे. थडग्यावर त्याची पहिली सिगारेट पेटवून ठेवली ती तुम्हीच, मी फक्त ती रीत घरी आणली. त्याची जळून संपेपर्यंत मी माझी ओढते आणि मधे मधे त्याला घरातलं काय काय ते सांगते. त्या सकाळी मिरच्यांची रोपं कशी आली आहेत ते सांगत होते, तर खोकला आला आणि थांबेचना. कोंबड्या दाणे टिपायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. कोंबडी खाणं सोडून बघते म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं मला कळतं.

हे सगळ्यात आधी लिहून टाकलं, कारण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही. आता रीतीचं विचारते. तुमचा गुडघा, तुमची शेळी आणि तुमचा राग, तिघांची प्रकृती कशी आहे? तुमच्या नेगोतिनला हवा चांगली असेल. माझी तब्येत डॉक्टरीणबाईंच्या मते वाईट आणि माझ्या मते बरी आहे.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण भिडस्त नाहीत. छाती ऐकली, शिट्टी वाजतेय म्हणाल्या. "मावशी, सिगारेट सोडा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात टेकडी चढायचं विसरा." कुठली टेकडी ते मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण आमच्याकडे माझ्या वयाची विधवा बाई थडग्यांची सोडून दुसरी कुठली टेकडी चढते? वन्सं, तिथे मला घाम फुटला. मरणाला मी भीत नाही, मेले की मला उचलून वर नेतीलच. पण जिवंत असून खाली बसायचं आणि तो वर एकटा, हे मला जमणार नाही. मी त्या विजेवर चालणाऱ्या सिगारेटीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, सगळंच सोडाल तर सगळ्यात चांगलं. ते जमणारच नसेल तर ती घ्या, पण मग खऱ्या सिगारेटीला हात लावायचा नाही. दोन्ही चालवलंत तर माझ्याकडे येऊ नका.

आता तुम्हाला आमच्या शेजारच्या पेर्सिदाने काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. दरिंका तोंडात नळी घालून गावभर फिरते, वाफ सोडते, वुकाशिनचं नाव घालवते. आणि तुम्ही म्हणालात, येत्या मृतांच्या शनिवारी सगळं गाव थडग्यांवर गेलं तरी या घरात पाऊल ठेवणार नाही. ठेवू नका. पण नळी कशी घेतली ते तरी वाचा, कारण पेर्सिदाला ते माहीत नाही आणि जे माहीत नाही तेच ती नीट सांगते.

मी शाळेत चार इयत्ता शिकले, बाकीचं वुकाशिनची वर्तमानपत्रं आणि वाचनालयाची पुस्तकं यांच्यावर शिकले. त्यामुळे कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी मी वाचते. (कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका मी कादंबरीसारखी वाचली होती. शेवट कमजोर निघाला.) बस थांब्यासमोर पूर्वी लोकरीचं दुकान होतं, तिथे आता ही यंत्रं मिळतात. आत सान्या नावाची मुलगी बसते. नखं हिरवी, पण मुलगी चांगली. कोणासाठी हवंय, आजी? माझ्यासाठी. पहिल्यांदाच? मी म्हटलं, बाई गं, या वयात पहिल्यांदा करण्यासारखं फार उरलेलं नाही, हे एवढं करून घेऊ दे. तिने आधी फळा पुसायच्या डस्टरएवढी एक पेटी दाखवली. तिच्यातून एवढा ढग निघाला की दुकानातलं मांजर उठून बाहेर गेलं. मग एक पेनासारखी साधी नळी दाखवली, आणि विचारलं, "तुम्ही धूर आधी तोंडात धरता की सरळ छातीत घेता?" वन्सं, इतकी वर्षं ओढते आहे, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. वुकाशिननेही नाही. सांगता येईना, तर ती मला फुटपाथवर घेऊन गेली. मी माझ्या खिशातली एक पेटवली आणि ती हाताची घडी घालून परीक्षकासारखी बघत राहिली. दोन बायका थांबल्या. पेर्सिदाने मला पाहिलं ते इथे, आणि तेव्हा माझ्या तोंडात साधी सिगारेट होती, हे नोंदवून ठेवा.

निकाल लागला: तोंडात धरता, म्हणजे तुम्हाला साधी नळीच बरी. मग नळीत भरायच्या औषधाचे वास निवडायचे. आंबा, कलिंगड, वाढदिवसाचा केक. मी म्हटलं, मी सिगारेट सोडायला आले आहे, बारशाला नाही. मग तिने तंबाखूची बाटली उघडली. ओल्या गंजीसारखा वास होता, पण निदान ओळखीचा. औषध किती कडक हवं ते ठरवायला तिने विचारलं, दिवसाला किती ओढता? मी खरं सांगितलं, वुकाशिनच्या वजा करून. मग राहवलं नाही, बशीत जळणाऱ्या त्याच्याही सांगितल्या. ती म्हणाली, "आजी, त्या बशीतल्यांचा धूरही तुमच्याच छातीत जातो ना?" मी म्हटलं, लग्न झालं की समजेल तुला.

घरी येऊन पुस्तिका वाचली. बाटलीतलं औषध नळीत भरल्यावर आतला कापूस भिजेपर्यंत थांबा, असं तिथे ठळक छापलं होतं. मी ते वाचलं आणि थांबले नाही, आणि इस्त्रीखाली चिंधी जळावी तशी चव दिवसभर जिभेवर घेऊन फिरले.

गेल्या शनिवारी नळी घेऊन टेकडी चढले. दगडावर त्याची कॉफी ठेवली, आलुबुखाराच्या दारूचा छोटा पेला ठेवला आणि शेजारी नळी ठेवली. आता सिगारेट कशी, ठेवली की आपली आपण जळते. राख वाढते, धूर वर जातो, तो बसला आहे असं वाटतं. नळीवर निळा दिवा लागला, मग विझला, मग काहीच नाही. पेर्सिदा शेजारी तिच्या नवऱ्याच्या, तिहोमिरच्या थडग्यापाशी होती. म्हणाली, "बिघडलं का गं?"

"बिघडलं नाही. ओढावं लागतं."

"मग सांग ना त्याला."

"जन्मभर सांगत होते. कधी ऐकलंय?"

शेवटी एक झुरका त्याच्या नावाने मीच ओढला, एक माझ्या. पेर्सिदाने छातीवर क्रूस काढला. अशाने त्याला पोचत नसतं, म्हणाली. मी तिला विचारलं, आपण मेलेल्यांच्या नावाने गहू शिजवून साखर घालून आपल्याच तोंडात घालतो, आणि तो तिहोमिरला पोचतो म्हणतेस. तुझा गहू पोचतो तर माझी वाफ का वाटेत अडते? तिने पाद्रीबाबांना बोलावलं. त्यांनी नळी हातात घेतली, बराच विचार केला आणि हळूच विचारलं, खिशात ठेवली तर गळते का.

तेव्हा वन्सं, मी ही नळी ओढणार. अंगणात ओढणार, बस थांब्यावर ओढणार आणि तुमच्या भावाच्या थडग्यावरही ओढणार. तुम्हाला लाज वाटत असेल तर नेगोतिनमध्ये वाटून घ्या. तो टेकडीवर आहे आणि मला टेकडी चढायची आहे. कोणाचं नाव जात असेल तर जाऊ दे.

तुमची (अजूनही) भावजय,
दरिंका

ता. क. गव्हाचं मी पेर्सिदाला सांगितलं ते तिला गप्प करायला. खरं सांगायचं तर वाफ त्याला पोचत नाही. निघते आणि तिथल्या तिथे नाहीशी होते, त्याला हातात धरायला काही उरत नाही. त्याला त्याचीच सिगारेट हवी, नेहमीची, कडेवर ठेवून जळणारी. पण ती पेटवायची तर पहिला झुरका कोणीतरी ओढावा लागतो, आणि पहिला माझ्या तोंडात गेला की पुढचे मला विचारून येणार नाहीत. पेर्सिदाला सांगितलं असतं, पण विहिरीच्या भांडणानंतर तिने पेटवलेली तो ओढणार नाही. म्हणून तुम्ही या. पुढच्या आठवड्यात मृतांच्या शनिवारी त्याची तुम्ही पेटवा. मी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहीन. रागातच आलात तरी चालेल.

ता. क. दुसरा, शुक्रवार. पत्र पोस्टात न्यायच्या आधी मागच्या खोलीतली गादी तुमच्यासाठी उन्हात टाकली.