फाटकापुढचे चौदा फूट

मी, बिजागऱ्यांच्या कारखान्याची एकेकाळची मालकीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर बसून लिहीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी माझी बुद्धी तपासली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी वजा करत शेवटपर्यंत गेले आणि वर त्यांच्या दवाखान्याच्या दाराची बिजागरी करकरते, तेल घाला, असेही सुनावले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे आणि पूर्ण शुद्धीतला आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच गोड बोलले होते.

कलम १. राहते घर मुलीला, तिच्या एकटीच्या नावे. जावयाचे नाव कोणत्याही कागदावर लागता कामा नये, वीजबिलावरसुद्धा नाही.

कलम २. जावईबापूंना माझे निळे पेन. आमच्या जुन्या बँकेने छोट्या कारखान्यांना कर्ज देताना हात आखडता घेतला, तेव्हा पत्रा कापायच्या नव्या प्रेससाठी कर्ज देणारी कंपनी यांनीच शोधून आणली. “आई, व्याज जरा जास्त आहे, पण कागदपत्रं कमी. आठवड्यात पैसे हातात.” कागदपत्रे कमी नव्हती, मला वाचायला दिलेली कमी होती. ती कंपनी एका खासगी गुंतवणूक फंडाच्या मालकीची होती आणि गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल फंडाने जावयांना दलाली दिली होती. हे मला त्यांच्या नव्या गाडीवरून कळले. मी त्या दिवशी ज्या पेनाने सह्या केल्या तेच हे पेन. शाई अजून शिल्लक आहे.

कलम ३. या कलमात कोणाला काही मिळत नाही. पण पुढे कोणी म्हणू नये की म्हातारीला धंदा सांभाळता आला नाही, म्हणून लिहिते. दोन हप्ते उशिरा गेले. करारात चौतिसाव्या पानावर लिहिले होते की असे झाल्यास कर्जाच्या बदल्यात कारखान्याचे शेअर त्यांच्या नावे होतील. एका दुपारी, माझ्याच कचेरीत, माझ्याच खुर्चीवर बसून मी अल्पमतात आले. मग फंडाने कारखान्याच्या नावावर आणखी मोठे कर्ज काढले आणि ते पैसे ‘सल्ला शुल्क’ म्हणून स्वतःच्या खिशात घातले. सल्ला काय दिला, तर माणसे कमी करा. एक्केचाळीस जणांना घरी बसवले आणि त्यांची निवृत्तीची रक्कम त्या नव्या कर्जात जिरली. फंडाचा साहेब मला म्हणाला, “मॅडम, मनावर घेऊ नका. हे फक्त आकडे आहेत.” मी मनावर घेतले आहे.

कलम ४. मंत्रिमहोदयांना नऊ इंची लोखंडी बिजागरी, दोन्हीकडे वळणारी. निवडणुकीआधी आमच्याच फाटकावर उभे राहून छोट्या कारखानदारांसाठी ते घसा कोरडा करत. माझ्या कपबशीतून चहा पीत. मग प्रचाराचा खर्च फंडाने उचलला. मंत्री होताच अशा कर्जकंपन्यांवरचा नियम यांनी सैल केला, आणि वर्षभरात आमचा औद्योगिक पट्टा इमारतींसाठी मोकळा करून दिला. चिरंजीव सध्या फंडाच्या सल्लागार मंडळावर असतात. माझ्या बिजागरीला बारा वर्षांची हमी आहे. मंत्रिमहोदयांची पाच वर्षांचीही नव्हती.

कलम ५. यजमानांची हत्यारे, म्हणजे साचे, कॅलिपर आणि तो वाकडा हातोडा, आमच्या मिस्त्रींना. बँकेतली शिल्लक त्या एक्केचाळीस जणांत सारखी वाटावी. फार नाही, मला ठाऊक आहे. मिस्त्री म्हणतील, “बाई, मला नको, आधी बाकीच्यांचं बघा.” मिस्त्री, आयुष्यभर तुमचे ऐकले. इथे ऐकणार नाही.

कलम ६. आता मुख्य गोष्ट.

कारखान्याचे फाटक आणि रस्ता यांच्यामध्ये चौदा फूट रुंद, ऐंशी फूट लांब अशी जमीन आहे. यजमानांनी ती शेजाऱ्याकडून मागाहून, वेगळ्या खताने, माझ्या नावे घेतली. बाकी तिन्ही बाजूंना नाला आणि परक्या भिंती आहेत, आत जायला दुसरी वाट नाही. तारण लिहून देताना हाही कागद मी टेबलावर ठेवला होता. फंडाचा वकील म्हणाला, “यादीत नाही ते नको.” मी तो मुकाट्याने पिशवीत घातला. त्या लोकांपैकी एकही कधी फाटकाबाहेर उतरून चालत आला नाही. गाड्या थेट आत. चाकांखालची जमीन कोणाची, हे विचारायचे राहूनच गेले.

फंड आता कारखान्याची जागा एका बिल्डरला विकायला निघाला आहे; मागच्या महिन्यात त्या बिल्डरच्या मोजणीदाराने ते शोधून काढले आणि सौदा अडला. तेव्हापासून जावईबापू रोज फळे घेऊन येतात. “आई, एवढी एक सही केलीत की सगळं मार्गी लागेल.” फळे मी कामवाल्या बाईंना देते.

ते वहिवाटीचा हक्क मागतील. खुशाल मागावा. माझ्या वकीलबाई म्हणतात, निकालाला दहा वर्षे सहज जातील. फंडाला मात्र गुंतवणूकदारांचे पैसे सात वर्षांत परत करायचे असतात, आणि त्यातली पाच सरली आहेत.

म्हणून ही जमीन मी मुलीला देत नाही. ती भिडस्त आहे, नवऱ्याने चार दिवस तोंड पाडले की सही करेल. ही जमीन मी माझ्या नणंदेला देते. सासूबाई गेल्यावर शिलाई मशीन कोणी घ्यायचे यावरून वन्संनी माझ्याशी अबोला धरला, त्याला बावीस वर्षे झाली. या काळात त्यांचा भाऊ गेला, तेव्हाही त्या आल्या, बसल्या, रडल्या आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता परत गेल्या. त्यांच्याइतकी हट्टी बाई मी पाहिलेली नाही. तब्येत ठणठणीत. त्यांच्यामागे जमीन त्यांच्या लेकीला जावी, ती आईच्या वरताण आहे.

वाट द्यायची ती एक्केचाळीस जणांची देणी व्याजासकट चुकती झाल्यावर, आणि मंत्र्यांनी लवाजमा न घेता रस्त्यापासून फाटकापर्यंत चालत येऊन ती मागितल्यावर. त्यानंतरही ‘नाही’ म्हणण्याचा वन्संचा अधिकार शाबूत राहील.

कलम ७. शिलाई मशीन वन्संना. सासूबाईंनी ते त्यांनाच देऊ केले होते. मी त्या वेळी खोलीत होते, मी ऐकले होते, आणि मी खोटे बोलले. बावीस वर्षांत त्या मशीनवर मी एक उशीचा अभ्रासुद्धा शिवलेला नाही.

काल त्यांना फोन केला.

“वन्सं, मी बोलतेय.”

“मशीन पाठवताय का, वहिनी?”

“पाठवतेय. तुमचंच आहे ते. मी खोटं बोलले होते.”

“माहितीय मला. आणखी काय?”

“एक भांडण आहे. माझ्यामागे चालवाल?”

“कुणाशी?”

मी सगळे सांगितले. फंड, मंत्री, जावई, चौदा फूट. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही.

“किती वर्षं धरून बसायचं?”

“दोन.”

“एवढंच?” वन्सं म्हणाल्या.

वरील सर्व मी लिहिले, दोनदा वाचले, आणि एकही शब्द मागे घेतला नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. सही काळ्या पेनाने केली आहे, निळे जावयांसाठी राखून ठेवले आहे.

सही: (मालकीण, बिजागरी कारखाना)

साक्षीदार १: डॉक्टर. दाराला तेल घातले आहे. (सही)
साक्षीदार २: फाटकासमोरचा चहावाला. (सही)

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार