झडपेवरचा हात

११ एप्रिल २०१६, सोमवार. उदगीर

मेल्या. पहिल्या शेतांवरच्या वाचल्या. शेवटच्या दोन शेतांवरच्या सगळ्या गेल्या.

निलंग्याच्या पुढं धुरपताबाईंच्या शेडात ट्रे उतरवला. त्यांनी वरचा कागद उचलला, आत बघितलं, कागद परत ठेवला. रेशमाच्या अळ्या तुतीच्या पाल्यावर लोळागोळा होऊन पडलेल्या. सकाळी चांगल्या तरतरीत भरल्या होत्या मी! गाडीच्या पेटीत हात घातला तर भट्टी. एसी चालूच होता, पण थंडऐवजी गरम हवा फेकत होता.

धुरपताबाई चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. विहिरीत होतं नव्हतं ते पाणी त्यांनी ज्वारी सोडून तुतीला घातलंय. आता पाला तयार, खाणारं कुणी नाही.

येताना देवणीजवळ गाडी थांबवली. बाटलीतल्या उरल्यासुरल्या पाण्यानं तोंड धुतलं. मग पुढं.

१२ एप्रिल

मल्लिकार्जुनअप्पा रागावले नाहीत. अळ्या वाढवायचं केंद्र त्यांचं, गाडी त्यांची, माणूस मोठा शांत. एवढंच विचारलं, की नॉब थंडावर होता ना? होता म्हणलं.

नीलम्मांनी तेही विचारलं नाही. अप्पांची बायको. अंड्यातून निघाल्यापासून अळ्या त्याच वाढवतात. पाला बारीक चिरून घालायचा, खोलीत ओल धरायची, थर्मामीटर बघायचं. दहा दिवस झाले की मी त्या शेतकऱ्यांकडं पोचवायच्या. माझ्याशी त्या तशाही बोलत नाहीत. आज मी दारात उभी असताना अप्पांना म्हणाल्या, "ड्रायव्हर बदला. बाईमाणसाला गाडीचं काय कळतंय?"

स्वतः बाईमाणूस असून हे म्हणून राहिली!

पुढची बॅच महिन्याच्या शेवटी. तोवर गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर अप्पा भाड्याची गाडी बघणार. ड्रायव्हर गाडीसोबत येईल. मग मी परत उमरीला, बाबांच्या घरी.

१४ एप्रिल

जयंती. उमरीच्या बाहेर ही पहिलीच. खोलीत बसवेना म्हणून पांढरी साडी नेसून मिरवणुकीत गेले. ओळखीचं कुणी नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईनं हाताला धरून रांगेत घेतलं, नाव-गाव विचारलं. नांदेड जिल्हा म्हणल्यावर म्हणाली, मग आता लातूरवाली झालीस. शेजारची लगेच म्हणाली, लातूर कशाला, उदगीरच जिल्हा होणार हाय की!

टपरीवर रोज हेच चालतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, इथं टँकरपुढं घागरींची रांग, आणि बोलणं नव्या जिल्ह्याचं. कचेरी कुठं होईल, स्टँड कुठं हलेल. मला आधी हसू यायचं. आज आलं नाही. माणसं पुढचं बोलून राहिली, हे बरंच आहे की.

१६ एप्रिल

गॅरेजवाल्यानं एसीत नवा गॅस भरला. गावाबाहेर पडेपर्यंत गारगार. मग भट्टी!

१७ एप्रिल, रविवार

बाबांचा फोन. मला स्टेअरिंग त्यांनीच शिकवलं, उमरी-मुदखेडच्या त्यांच्या जीपवर. लोक हसायचे. बाबा म्हणायचे, हसू दे, भाडं तर देतेत.

सगळं सांगितलं. नोकरी जाईल तेही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पारू, अंदाजानं पाना लावू नको. हात लावून बघ. कुठं गार हाय, कुठं गरम हाय. गाडी सांगते."

१८ एप्रिल

हात लावून बघितलं.

बॉनेटखालची एसीची नळी गार. घाम फुटलेली. म्हणजे थंडी तयार होते. मग ती वाटेत तापते कुठं? इंजिन गार असेतोवर हवा गार, इंजिन तापलं की हवा गरम. सकाळपासून तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

मग डोक्यात उजेड पडला. हिटर! ही गाडी आधी हैदराबादेत औषधं वाहायची, तिला थंडही लागायचं नि ऊबही. इंजिनचं तापलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागून फिरतं. थंड नि गरम हवेच्या मधे एक झडप. ती जिकडं कलेल तशी हवा केबिनमधून नळीनं मागच्या पेटीत जाते. आणि झडप हलवायची ती निळ्या-लाल नॉबनं, मधे एक तार.

नॉब फिरवला. अगदी हलका फिरला, रिकामा.

समोरचा कप्पा खोलला. तार लोंबकळत होती! तिला धरून ठेवणारा प्लास्टिकचा चाप तुटून पडलेला, झडप गरमाकडं कललेली. बोटानं ढकलली, तर थंड. उलटी ढकलली, गरम. परत थंड. वेड्यासारखी किती वेळ तेच करत बसले.

१९ एप्रिल

तार सुतळीनं आणि बारीक तारेनं आवळून बांधली. नॉब ऐकतो!

गॅरेजवाला म्हणाला, कटकट कशाला, हिटरची नळीच बंद करून टाक. पण नुसता थंडीचा मारा अळ्यांना सोसत नाही, सुस्तावतात, पाला सोडतात. त्यांना पंचवीस-सव्वीस लागतं. शिवाय डिसेंबरात काय करायचं?

अप्पांना दाखवलं. ते खूश. नीलम्मा लांबून बघत होत्या. 

२१ एप्रिल

धुरपताबाईंना फोन लावला. चूक गाडीची होती, आता नीट केली, परत आणू का, विचारलं. 

"आण," म्हणाल्या. "पाला जरठ व्हायलाय."

२५ एप्रिल

उद्या निघायचं. नीलम्मा सोबत येणार! अप्पांनाच सांगितलं, मला नाही: "मी पेटीचं थर्मामीटर बघत बसणार, माझा तिच्यावर भरवसा नाही." अप्पा म्हणाले, अगं, तू कधी देवणीच्या पुढं गेली न्हाईस. त्या म्हणाल्या, मग आता जाते.

झोप येणार नाही बहुतेक.

२६ एप्रिल, मंगळवार

हात दुखतोय पण आजचं आजच लिहिते.

उजाडता उजाडता निघालो. नीलम्मा खिडकीला चिकटून बसलेल्या, मांडीवर पिशवी. पेटीतली थर्मामीटरची वायर पुढं आणलेली, आकडा त्यांच्यासमोर. सव्वीस. पहिल्या शेतांवर ट्रे उतरवले, अळ्या ठणठणीत. नीलम्मांनी एकेक ट्रे स्वतः उघडून बघितला. ऊन चढलं. सव्वीसच.

निलंग्याच्या अलीकडं रस्ता उखडलेला. गाडी एका खड्ड्यात आदळली आणि आत कट्‌कन वाजलं. मला कळलंच.

"अठ्ठावीस," नीलम्मा म्हणाल्या. जरा वेळानं, "तीस."

गाडी बाजूला घेतली. कप्पा खोलला. सुतळी तुटलेली, तार निसटून पार मागं गेलेली. बांधायला घ्यावी तर आधी अर्धा डॅशबोर्ड उघडावा लागेल, आणि सावलीला एक झाड नाही. तेवढ्यात एकतीस.  आत बोट घालून झडप ढकलली, थंड आलं. सोडली, परत गरमाकडं. म्हणलं, नीलम्मा, हिला कुणीतरी धरायला पाहिजे, आणि मला तर गाडी चालवायची हाय.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बांगड्या कोपराकडं सारल्या आणि हात आत घातला.

"कुठं?"

त्यांचा हात धरून झडपेवर ठेवला. इकडं ढकललं की थंड, तिकडं सोडलं की गरम. एवढंच सांगितलं.

निघालो. त्या वाकून बसलेल्या, एक हात डॅशबोर्डच्या आत, डोळे आकड्यावर. तीस. अठ्ठावीस. सत्तावीस. खाली जायला लागला की त्या हात जरा सैल सोडायच्या. माहेर त्यांचं बिदरकडचं. सव्वीसवर आकडा थांबला की कानडीत पुटपुटायच्या, "साकु, साकु." पुरे, पुरे. अळ्यांना म्हणत होत्या की झडपेला, कोण जाणे. मी नुसती खड्डे चुकवत होते. निलंग्यात थांबू का विचारलं, त्या म्हणाल्या, आधी अळ्या.

धुरपताबाई शेडाच्या दाराशी उभ्या होत्या. ट्रे उतरवला, पण कागदाला हात लावायचा मला धीर होईना. नीलम्मांनी उचलला. सगळ्या जित्या! धुरपताबाईंनी ओंजळभर पाला वरून टाकला. जरा वेळात त्या खायला लागल्या. बारीक सरसर आवाज, पावसाची भुरभुर यावी तसा. आम्ही तिघी तिथंच उकिडव्या बसून ऐकत राहिलो.

मग धुरपताबाईंनी नीलम्मांचा हात बघितला. एका बाजूनं गारठून पांढरा, दुसऱ्या बाजूनं भाजल्यासारखा लाल. विचारलं, हे काय झालं?

"गाडी चालवली," नीलम्मा म्हणाल्या.

येताना निलंग्यात मोटारसायकलच्या दुकानातून क्लचच्या तारेचा लोखंडी चाप घेतला आणि तिथंच बसवला. पाना नीलम्मा देत होत्या. घरापर्यंत तार जागची हलली नाही. वाटेत त्या माझ्याशी बोलत आल्या. बाबांचं विचारलं, उमरीचं विचारलं. ब्रेक कुठला नि क्लच कुठला, तेही विचारलं.

२७ एप्रिल

अप्पा भाड्याच्या गाडीचं बोलले नाहीत. मीही आठवण दिली नाही!

१७ मे

धुरपताबाईंचा फोन. अळ्या कोष विणून राहिल्यात. "शेड पांढरंधोप दिसायलंय. ये बघायला."

२२ मे, रविवार

अप्पा चहा घेताना म्हणाले, मागणी वाढलीय, दुसरी गाडी घेऊ, पण ड्रायव्हर कुठून आणायचा? मी उमरीकडची एक-दोन नावं सांगत होते. नीलम्मा पाला चिरत बसल्या होत्या. विळी आडवी केली, हात पुसले.

"मी हाय की," म्हणाल्या. "पारू, चल. आज तू माझ्या जागेवर बस, मी तुझ्या."

मी चावी दिली.