चालण्यास योग्य

३ फेब्रुवारी, सोमवार

चार शिक्के मारले. दोन मिनिटांचं काम!

चाळीस किलोमीटरच्या चालीचा फॉर्म आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. सरकारी रुग्णालयातल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी चाल आहे. आम्हा चौघींचं महिन्यापासून ठरलेलं. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो, हे शिट्टीने आज दुपारी वाचलं. शाळेत पीटी शिकवायची, निवृत्त झाली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. आणि नियम मात्र शेवटच्या दिवशी वाचते.

शिट्टी, कात्री, माझी वहिनी आणि मी, चौघी दवाखान्यात माझ्या काउंटरपाशी. बाकांवर पंचवीस पेशंट. कात्री म्हणाली, "बाईंना कशाला त्रास? शिक्का तुझ्याच खणात असतो ना?" असतो. सह्यासुद्धा असतात. डॉक्टरबाई दर सोमवारी दहा कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून ठेवतात, गर्दीत वेळ जाऊ नये म्हणून. एकोणीस वर्षांत मी एकही इकडचा तिकडे केला नव्हता.

चार घेतले. तपासले, प्रकृती उत्तम, चालण्यास योग्य. बी.पी. सगळ्यांचं १२०/८०. वहिनी म्हणाली, "अगं, चौघींचं सारखं? माझं जरा वाढव, खरं वाटेल." तिचं १२६ केलं. हसून हसून पुरेवाट.

नंतर खणाला कुलूप घातलं, पुन्हा ओढून बघितलं. 

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला सराव. कालव्याकाठून आठ किलोमीटर. शिट्टी पुढे, वहिनी आणि मी मध्ये, कात्री सगळीकडे. तिचं शिवणाचं दुकान आहे, पण कात्री हे नाव जिभेवरून पडलंय. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाचे कपडे कुठे चुकलेत ते सांगत होती. वहिनीला हसून हसून ठसका लागला.

पाण्याच्या टाकीकडच्या चढावर कात्री तीनदा बुटाची लेस बांधायला वाकली.

१० फेब्रुवारी, सोमवार

लेस सुटलेली नव्हती. मी मागेच होते. मला दिसलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्याच्या अकरा पायऱ्या चढून आलेला माणूस काउंटरला येऊन स्वतःचं नाव किती वेळाने सांगतो, यावरून मला बरंच कळतं. डॉक्टरकी मला येत नाही, पण एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेय. काही जण आधी टेबलाची कड धरतात. हसतात. काहीतरी शोधल्यासारखं पिशवीत बघतात. मग नाव.

आज कात्री दवाखान्याचे नवे पडदे घेऊन आली. टेबलाची कड धरली. हसली. पिशवीत बघितलं. "पडदे" म्हणायला तिला किती वेळ लागला!

दाखल्यावर अक्षर माझं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

बारा किलोमीटर ठरले होते. मी मनाशी ठरवलं, तिला एवढं चालू द्यायचं नाही. चौथ्या किलोमीटरला गुडघा धरून बसले. "आई गं!" चांगली नाटकी. वाटलं, सगळ्या परत फिरतील.

वहिनी लगेच म्हणाली, "परत जाऊ या, वन्सं." पण शिट्टी ऐकेना. हळूहळू चालल्याने सांधा मोकळा होतो म्हणे. आणि कात्रीने काय करावं? माझी पाठपिशवी ओढून घेतली! दोन बाटल्या, टॉवेल, डबा. स्वतःची पाठीवर, माझी पोटावर. "तू नुसती चाल, राणी." मी ओढते तर सोडेना. उरलेले आठ किलोमीटर ती माझं ओझं वाहत चालली आणि मी, धडधाकट बाई, लंगडत मागून!

करायला गेले एक. तिला काही झालं असतं तर? त्या पिशवीसकट?

१७ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांनी गुडघ्याला लावायला मलम आणलं. इतके काळजीत होते की मी निमूट लावून घेतलं. चांगल्या गुडघ्याला.

सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. हे सरळ माणूस. म्हणतील, उठ आणि आत्ता जा डॉक्टरबाईंकडे. आणि मग? नोकरी जाईल. शिवाय चार लोकांत तोंड काय दाखवू? दवाखान्यातली बाई खोटे दाखले देते!

२० फेब्रुवारी, गुरुवार

कात्रीला सरळच विचारलं. दम लागतो का गं तुला?

"पन्नाशीत दम लागणार नाही तर काय पंख फुटणार?"

एकदा बाईंना दाखव म्हटलं. कापड कापता कापता थांबली. "तुझं डोकं त्या दवाखान्याने बिघडवलंय. तुला जिकडेतिकडे पेशंट दिसतात." मग माझ्याच कुर्त्याची बाही ओढून म्हणाली की ही कोणी शिवली, त्याला आधी डॉक्टरांकडे ने.

हसले मी. काय करणार?

२३ फेब्रुवारी, रविवार

सोळा किलोमीटर. माझा गुडघा "बरा" झाला, कारण तो दुखला की ती ओझं उचलते.

अकराव्या किलोमीटरला ती बसथांब्याच्या बाकावर बसली. बोलत नव्हती. कात्री आणि बोलत नाही! ओठ जांभळट दिसत होते. मी वहिनीला म्हटलं, बघ गं. वहिनी म्हणाली की थंडी आहे, माझेही झाले असतील. शिट्टीने लांबून जोरात शिट्टी मारली. तशी ती उठली. "हिची शिट्टी ऐकून मेलेलं माणूसही चालायला लागेल."

सगळ्या हसल्या. मी नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्याला डोळा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलले तर नोकरी जाते. नाही बोलले तर—

नाही लिहवत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरबाईंच्या खोलीपर्यंत गेले. "काय गं?" म्हणाल्या. हात धुवायचा साबण संपलाय, म्हटलं. परत आले.

२ मार्च, रविवार

वीस किलोमीटर.

सतराव्याला कात्रीने विजेचा खांब धरला. दोन्ही हातांनी. माझ्याकडे बघितलं, पण तिला मी दिसत नव्हते, हे मला कळलं. मग खांबाला धरून धरून खालीच बसली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मनगट धरलं तर नाडी कशी! चार ठोके धावत, मग एक गायब. शिट्टीने पाणी मारलं. वहिनी रडायलाच लागली. मी मोठ्याने बोलत होते म्हणे. काय बोलत होते ते आठवत नाही. वहिनी सांगते, "मी मारलं, मी मारलं" असं म्हणत होते.

पाच मिनिटांनी तिने डोळे नीट उघडले. पहिलं वाक्य, "सकाळी खाल्लं नव्हतं, बास." उरलेली वाट गाडीने आलो.

माझी भीती आता फक्त माझी राहिलेली नाही. उद्या सांगणार. नक्की.

३ मार्च, सोमवार

सांगितलं.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "सह्या माझ्याच आहेत ना. कोऱ्या कागदावर सही करणारी मी. तुला काय बोलू?" त्यांचा आवाज कापरा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

कात्रीला त्यांनी स्वतः फोन केला. सहज येऊन जा, छातीची पट्टी काढू, ई.सी.जी. ती म्हणाली, येते.

आली नाही.

५ मार्च, बुधवार

पुन्हा फोन. "येते." नाही आली.

६ मार्च, गुरुवार

दुकानात गेले. मशीन चालू होतं. मी म्हटलं, बाईंना सगळं सांगितलंय, आता चल. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण संपवली, दोरा दाताने तोडला, मग बोलली.

"मला काय झालंय ते मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

हृदयाची झडप. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाच ऑपरेशन सांगितलंय. चालणं, चढणं, ओझं उचलणं, सगळं बंद म्हणून. फाइल कपड्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलेली. दाखवली मला.

मी खालीच बसले. मग तू फॉर्म का भरलास? माझ्याकडून दाखला का घेतलास?

"तू तपासणार नाहीस म्हणून."

असं सरळ! माझ्या तोंडावर! पंधरा वर्षांची मैत्रीण. मी तिच्यासाठी महिनाभर झुरतेय, खोटा गुडघा घेऊन लंगडतेय, आणि हिने मला हेरून ठेवलं होतं. इतका राग आला की उठून यावंसं वाटलं. पण ती पुढे बोलत राहिली, माझ्याकडे न बघता, कापडाची घडी घालत. तिची मोठी बहीण. हीच झडप. ऑपरेशनला हसत आत गेली ती बाहेर आलीच नाही. "मी तिला सोडायला दारापर्यंत गेले होते गं. चप्पल माझ्या हातात देऊन गेली."

म्हणून तिने स्वतःशी ठरवलं होतं. चाळीस किलोमीटर चालून दाखवले, तर झडप बरी आहे. मग ऑपरेशन नको.

हे काय डोकं! पण तिच्यासमोर मला हसूही आलं नाही आणि रागावताही येईना. रविवारी पडलीस ना, म्हटलं. "सरावात पडले. खऱ्या दिवशी नाही पडणार."

निघताना म्हणाली, "आणि तू मला आता थांबवू शकत नाहीस. कागद संस्थेच्या फाइलमध्ये आहे. त्यावर लिहिलंय, प्रकृती उत्तम."

७ मार्च, शुक्रवार

खरंच आहे तिचं. ती त्या दिवशी रांगेत उभी राहिली, तर कोण अडवणार? माझाच शिक्का तिला पुढे ढकलणार.

८ मार्च, शनिवार

पत्र लिहिलं. संस्थेला. चारही दाखले न तपासता दिलेले आहेत, रद्द समजावेत. खाली माझी सही. त्याखाली डॉक्टरबाईंची. त्यांनी या वेळी न वाचता केली नाही, दोनदा पत्र वाचलं.

कात्रीचं एकटीचं नाव घालता आलं असतं का? विचार केला होता. पण खोटं चारांचं, मग खरंही चारांचंच. शिवाय तिच्या फाइलीचं मी कोणाला सांगणार नव्हते. वहिनी आणि शिट्टीलाही नाही.

द्यायला मी स्वतः गेले. घेणाऱ्या माणसाने वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. "तुम्हाला कळतंय ना, हे काय आहे?"

हो म्हटलं.

१० मार्च, सोमवार

चौघींची नावं काढली. आज दिवसभर हेच. वहिनीचा फोन, "आमचं काय चुकलं होतं, वन्सं? शेजारपाजारी सगळ्यांना सांगून बसलेय मी!" शिट्टीने फोन उचलला, ऐकलं, ठेवला. कात्रीने उचलला नाही.

ह्यांना सांगितलं सगळं. म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" बस, एवढंच. मग चहा केला माझ्यासाठी.

डॉक्टरबाईंनी खणाची किल्ली मागून घेतली. महिनाभर घरी राहा, पुढचं पुढे बघू. कोऱ्या दाखल्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्यादेखत फाडला.

२३ मार्च, रविवार

आज चाल होती.

मला खात्री वाटेना. ती हट्टी आहे. नाव नसलं तरी गर्दीत घुसेल, कोण बघतंय? पहाटेच उठून मोठ्या चौकात जाऊन उभी राहिले. लोक येत होते, पांढरे टी-शर्ट, छातीवर नंबर. एकेक तोंड बघत होते. एक बाई मागून अगदी तशीच! धावत गेले. भलतीच निघाली. माफी मागितली.

फोन लावला. बंद. दुकानावर गेले. शटर खाली. परत चौकात.

दहाच्या सुमारास रुग्णवाहिका गेली. लोक म्हणाले, बाविसाव्या किलोमीटरला कोणी पडलं. मी तिथेच फूटपाथवर बसले. एका पोलिसाने चौकशी करून सांगितलं, तरुण मुलगा आहे, पायात गोळा आलाय.

मला रडू आलं. पोलीस विचारतो, "तुमचा मुलगा का?"

२४ मार्च, सोमवार

शटर खालीच. शेजारचा चष्मेवाला म्हणतो, तीन-चार दिवस झाले, सांगून नाही गेली.

२९ मार्च, शनिवार

वहिनी आली. बोलली नाही फारसं, पण आली. कात्री कुठे आहे, तिलाही माहीत नाही. शिट्टी तिच्या घरी जाऊन आली, कुलूप. मनात येऊ नये ते येतं. मी तिची एकुलती एक आशा काढून घेतली. तिने काही बरंवाईट—

२ एप्रिल, बुधवार

काही कळलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी सातला बेल वाजली. दारात कात्री! वाळलेली. एका हातात ती फाइल, दुसऱ्या हातात बॅग. भाचीकडे जाऊन राहिली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आज भरती व्हायचंय. उद्या ऑपरेशन. काल रुग्णालयाच्या दारातून दोनदा परत फिरले. एकटीला भीती वाटते गं."

मी बूट घालायला वाकले. "चालत नाही जायचं हं," ती म्हणाली, "गाडी उभी आहे खाली."