सप्लाय नसलेला अँप्लिफायर सूरजला

मी, श्रीमती मालन गुणाजी सकपाळ, वय एकाहत्तर, राहणार डोंबिवली पूर्व, शिक्षण सातवी, मंडणगडकडच्या आमच्या गावच्या शाळेत, हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून फसवलेलं नाही. गोड बोलणारे एकच होते, ते वर गेले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडलाय. त्यात डोक्याबरोबर कानाचंही लिहून घेतलंय, मला नीट ऐकू येतं म्हणून. डॉक्टर म्हणाले, "आजी, मृत्युपत्राला कान कशाला?" मी म्हटलं, "आमच्या घरात लागतात."

टाइप जागृती वकीलबाईंनी केलं. शब्द माझे. जिथे त्यांचे आहेत तिथे वाचताना कळेलच.

१. मला दोन मुलं. थोरला सूरज, नौपाड्याला बायको समृद्धीबरोबर राहतो. धाकटी रसिका, माझ्याजवळ राहते आणि ह्यांच्या मागे विठ्ठलवाडीचं दुकान बघते. तिसरं कोणी वारस म्हणून उभं राहिलं तर मलाही नवल वाटेल.

२. डोंबिवलीचा फ्लॅट माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. तो दोघांना निम्मा निम्मा. रसिका राहते तोवर तिला कोणी उठवायचं नाही. बँकेत असेल त्यातून आधी माझं कार्य उरकावं, उरेल ते दोघांत सारखं. दहाव्याला स्पीकर लावू नये. आयुष्यभर स्पीकरच ऐकले.

३. माझ्या बांगड्या सुनेला, समृद्धीला. तिने कधी मागितल्या नाहीत म्हणून.

४. माझ्या जाऊबाई आवडाबाई माझ्या लग्नात भर मांडवात म्हणालेल्या, "रेडिओवाल्याला दिली पोर, जन्मभर खरखर ऐकेल." दुकानात एक जुना स्पीकर आहे, तो अजून खरखरतो. तो त्यांना द्यावा. वकीलबाई म्हणाल्या हे काढूया. राहू दे. वाटलं तर बरोबर एक साडी द्या, चांगल्यातली.

५. विठ्ठलवाडीचं दुकान. मरायच्या आधी ह्यांनी ते रीतसर माझ्या नावावर केलं. तिथे हे अँप्लिफायर बनवायचे, भजनी मंडळांना, शाळांना, हौशी लोकांना. बनवून झाला की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी आमच्याकडे तो मुका ऐकायची रीत होती. गाणं जोडायचं नाही. बटण फुल करायचं, पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढायचा, कुकर थांबवायचा, आणि स्पीकरला कान लावायचा. ह्यांना वयामुळे बारीक आवाज ऐकू यायचा बंद झालेला, म्हणून कान माझा.

"काय ऐकू येतंय?"

"तुमचा श्वास. तो जरा बंद करा."

"मालन, मस्करी नको. हम, ती बारीक घूं घूं, आहे का?"

मी "काही नाही" म्हटलं की अँप्लिफायर पास. ते ऐकून ह्यांचा चेहरा असा खुलायचा, की मी मुद्दाम उशिरा सांगायची.

ह्यांचा शेवटचा अँप्लिफायर अर्धा राहिला. सगळं जोडलेलं, फक्त आत वीज पुरवणारा सप्लाय बसवायचा होता. वर्षश्राद्धाला आमच्या मंडळाचं भजन त्याच्यावर करायचं ठरलं. सूरज म्हणाला, बाबा बसवायचे तसा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर बसवू. रसिका म्हणाली, आता चांगले एसएमपीएस मिळतात, कॉम्प्युटरात असतात तसले सप्लाय, हलके, गरमही कमी होतात. आणि तिने आणला. पण आणताना बापाची सवय लागली. ट्रान्सफॉर्मर हे नेहमी गरजेच्या दुप्पट घ्यायचे, मोठा असला की निवांत चालतो म्हणायचे. तिनेही तस्साच दुप्पट मोठा आणला.

मी कान लावला. आत बारीक चिर्र, थांबून पुन्हा चिर्र. खोटं बोलता येईना.

सूरज मंडळाच्या लोकांसमोर म्हणाला, "चिमणी पाळलीस का ग आत? बाबांचं नाव घालवलंस." तेव्हापासून तो दुकानाची पायरी चढलेला नाही.

नंतर तिने शोधून काढलं. एसएमपीएसला ट्रान्सफॉर्मरचा नियम लागत नाही. मोठ्या सप्लायला काम कमी मिळालं की तो डुलकी घेतो, दचकून जागा होतो, परत डुलकी. तीच चिरचिर. मग तिने अँप्लिफायरला लागेल तेवढ्याच ताकदीचा बघून घेतला, पत्र्याच्या डब्यातला. आवाजाच्या वायरींपासून लांब बसवला, डबा अर्थिंगला जोडला, आणि मला बसवलं. मला शेजारच्या बिल्डिंगची लिफ्ट ऐकू आली. अँप्लिफायरमधून काही नाही.

सूरजला फोन केला, येऊन ऐक. म्हणाला, "आई, तुला आता कमी ऐकू येतं." म्हणून तो दाखला.

तरी दुकान, आतल्या हत्यारांसह, मीटर, सोल्डरिंग, फळीवरचे सगळे सप्लाय आणि नावाच्या पाटीसह, मी रसिकाला देते. मुलगी म्हणून नाही, बहिणीला भावाने दान केलं असंही नाही. ती ते चालवते म्हणून. सदर दुकानावर सूरजचा कोणताही हक्क, हितसंबंध राहणार नाही. हे वाक्य बाईंचं, पण मला पटलं.

६. ह्यांचा शेवटचा अँप्लिफायर सूरजला. आधी मी लिहिलेलं, की त्याने दुकानात येऊन तो मुका ऐकल्याशिवाय त्याला फ्लॅटचा हिस्सा मिळू नये. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, ऐकायची अट घालाल, पण ऐकलं की नाही हे कोण ठरवणार? भांडणं वाढतील." खरं आहे. जबरदस्तीने लावलेल्या कानाला आपल्याला हवं तेच ऐकू येतं. अट काढली.

आता असं लिहा. सदर अँप्लिफायर सूरजला द्यावा, सप्लाय काढून. सप्लाय दुकानाचा आहे, दुकान रसिकाचं. सूरजने अँप्लिफायर विकू नये. त्याला कुठलाही सप्लाय लावायला तो मोकळा आहे, ट्रान्सफॉर्मर लाव नाहीतर एसएमपीएस. बाई म्हणाल्या, "आजी, ही पण अटच झाली." मी म्हटलं, "कुठे? मी कुठे जायला सांगितलं त्याला?"

सूरज, बापाने अर्धं ठेवलेलं तुझ्या घरात मुकं पडून राहील, तू बघत बसशील, मला माहीत आहे. तुझा हट्ट किती टिकतो तेही माहीत आहे, तुला मी वाढवलंय.

रसिका, तो दुकानात आला तर चिमणीची गोष्ट काढू नकोस. कुठला हवा ते त्याला फळीवरून स्वतः निवडू दे, चुकीचा निवडला तरी. चिर्र ऐकू आलं की तो तुझ्याकडे बघेल. तेव्हा सांग.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही वाचला, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. अंगठा नाही, सही.

सही: मालन गुणाजी सकपाळ

साक्षीदार १: धनेश पंढरी म्हात्रे, डोंबिवली (सही)
साक्षीदार २: आनंदा धाकू शिर्के, विठ्ठलवाडी (सही)

ठिकाण: डोंबिवली पूर्व
दिनांक: १२ मार्च २०२५