एका घासाने काय होतं

ताई,

काल तुझ्या वाढदिवसाला, "एका घासाने काय होतं?" म्हणत तू सगळ्यांसमोर माझ्या तोंडात केक कोंबलास.

काय होतं ते ऐक. वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर माझं पोट अंड्याएवढं उरलंय. गोड त्यात थांबतच नाही, थेट आतड्यात उतरतं. मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली. तासभर तुझ्या बाथरूमच्या फरशीवर पडून होते. बाहेर तू म्हणालीस, "नाटकं नुसती!"

लहानपणी "पुरे गं, ढोले" म्हणत माझ्यासमोरचं ताट तूच ओढायचीस. तेव्हा पोटात आग पडायची गं. आता भूकच मेली, तर भरवायला येतेस?

हे पत्र पाठवणार नाही. तू ते सगळ्यांना वाचून दाखवशील आणि हसशील.

तुझीच ढोली,
आता वजन अठ्ठावन्न किलो