मर्चंडाइज इंग्लिश, आधी बाराखडी

६ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात.

काल ऑफिसात जगन्नाथशेट एका ईमेलपुढे कपाळाला हात लावून बसले होते. ईमेल लिन मॅडमचा. लिन मॅडम म्हणजे दुबईच्या चिनी मार्केटातल्या क्रोकरीच्या दुकानाच्या मॅनेजर. आमच्याकडचे कपबशांचे सगळे सेट त्यांच्याकडून येतात. ईमेलमध्ये दोनच शब्द होते : कप सॉरी. माल फुटला, संपला की उशिरा येणार, हे कळायला दुपार गेली. फुटला होता. शेट मला म्हणाले, मुरलीधर, तुझं इंग्लिश एवढं भारी, तर शिकव की यांना. सगळे हसले. मी हसलो नाही. दैव आलं द्यायला आणि पदर नाही घ्यायला, असं माझं होणार नाही.

संकल्प : चिनी व्यापाऱ्यांसाठी मालाचं बिझनेस इंग्लिश. वर्षभरात स्वतःची इन्स्टिट्यूट. रोज पाच किलोमीटर चालणं (उद्यापासून).

७ सप्टेंबर, रविवार
कोर्सचं नाव ठरलं : मर्चंडाइज इंग्लिश. शब्द दोनशे चाळीस, ए पासून झेडपर्यंत ओळीने, म्हणजे गोंधळ नको. पहिला शब्द ‘अबेटमेंट’. काव्याने अर्थ विचारला. पोरगी दहावीत आहे, म्हटलं डिक्शनरी बघायची सवय लाव. नंतर मीही बघितली.

खरी कल्पना दुपारी वरणभात जेवताना सुचली. चिनी माणसाची अडचण उच्चाराची. रोमन लिपी उच्चाराच्या बाबतीत बेभरवशाची. आपली देवनागरी शास्त्रशुद्ध, जसं बोलाल तसं लिहाल. म्हणून प्रत्येक इंग्लिश शब्दापुढे उच्चार देवनागरीत. तिसरा रकाना चिनी अर्थाचा, तो रिकामा. विद्यार्थ्यांनी स्वतः भरायचा. याला सहभाग म्हणतात.

काव्या म्हणाली, बट बाबा, दे डोंट नो देवनागरी. म्हटलं, शिकतील. ज्यांना हजारो चित्रं पाठ आहेत, त्यांना बाराखडी म्हणजे हातचा मळ. तिने आईकडे बघितलं. उर्मिलाने वरणाकडे बघितलं.

चालणं झालं नाही. बाहेर एक्केचाळीस डिग्री.

१३ सप्टेंबर, शनिवार
पहिला वर्ग! लिन मॅडमच्या दुकानामागच्या खोलीत, सकाळी आठ ते साडेनऊ, दुकान उघडायच्या आत. विद्यार्थी तीन : लिन मॅडम, सुटकेसवाले वू, एलईडी दिव्यांचे गाओ. बसायला उलटे कार्टन. फी महिना तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार दोनशे रुपये. पहिला महिना फ्री, विश्वास बसावा म्हणून.

अ ते अः झालं. लिन मॅडमनी वहीत चौकोन आखून एकेक अक्षर शंभरदा लिहिलं. गाओंनी मोडक्या हिंदीत विचारलं, कस्टमर खोका फोडतो, त्याला ‘उघडू नका’ कसं सांगायचं. म्हटलं, तो शब्द डी मध्ये आहे. डी डिसेंबरमध्ये येईल.

२० सप्टेंबर, शनिवार
शारजातल्या घरून साडेसहाला निघालो तरी दहा मिनिटं उशीर. वाटेत चहा घ्यावा लागला. शिक्षकाचा घसा महत्त्वाचा.

आज ङ. तिघांनीही तो इतका सुरेख म्हटला की मला माझ्या ङ ची शंका आली. मग गाओंनी विचारलं, ङ पासून सुरू होणारा मालाचा शब्द कोणता. मी म्हटलं, एकही नाही. मग शिकायचा का? म्हटलं, क्रम म्हणून एक गोष्ट असते. ते उठून दिव्यांकडे गेले ते परत आलेच नाहीत. बरं झालं. वर्ग आटोपशीर हवा.

२७ सप्टेंबर, शनिवार
का की कु कू. लिन मॅडम घडाघडा म्हणतात. वू मध्येच ‘नो रिटर्न’ ठणकावून कसं सांगायचं ते विचारतात. आर येईल एप्रिल-मेमध्ये. घाईने काय होतं ते आपण जगात बघतोच.

इंग्लिशचा पहिला शब्द अजून झालेला नाही. पाया मोठा घेतलाय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
ऑफिसआधी दुकानात पाटीपूजन घेतलं. पाटी नव्हती, कार्टनच्या पुठ्ठ्यावर सरस्वती काढली. लिन मॅडमनी हात जोडले. वूंना तो नवा ब्रँड वाटला. कमीत कमी ऑर्डर किती, विचारत होते.

आणि मग सीमोल्लंघन! राजीनामा दिला. लिफाफ्यात सुपरमार्केटातली आपट्याची पानंही घातली. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.

उर्मिलाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काही होणारच नाही. कारण असं की जगन्नाथशेट सगळ्या ऑर्डरी कार्टनच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने मराठीत लिहितात. बत्तीस वर्षं दुबईत काढली तरी पुठ्ठा आणि मराठी सुटलं नाही. ती चिठ्ठी वाचणारा ऑफिसात मी एकटा. गोडाऊन सांभाळणारा आमचा भिवा अठ्ठावन्न वर्षांचा, देवगडचा, पण त्यालासुद्धा ते अक्षर लागत नाही. मी वाचून दाखवेपर्यंत ट्रक हलत नाही. तेव्हा शेटनी मला सोडणं अशक्य. ते विनवतील, मी दोन दिवस विचार करीन, मग मॅनेजर म्हणून थांबीन. इन्स्टिट्यूट शनिवार-रविवारी.

६ ऑक्टोबर, सोमवार
चार दिवस झाले, शेट काही बोलत नाहीत. धक्का मोठा दिसतो. मीही विषय काढला नाही. माणसाला सावरायला वेळ द्यावा.

८ ऑक्टोबर, बुधवार
उलगडा झाला. शेटनी लिफाफा दसऱ्याचं शुभेच्छापत्र समजून ऑफिसातल्या गणपतीपुढे ठेवला होता. आज भिवाने सुकलेली पानं काढताना तो सापडला. शेटनी वाचला. आय ॲम टू टेंडर हिअरविथ इथपर्यंत आले आणि म्हणाले, मुरलीधर, मराठीत सांग. सांगितलं. 

म्हणाले, दिवस चांगला निवडलास. दसऱ्यापासून तीस दिवस धरू. एक नोव्हेंबर, खलास. मग भिवाला चहा आणायला सांगितला. मला अर्धाच मिळाला.

विनवणी अजून नाही. अभिमानी माणूस आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार
उर्मिलाला कळलं. शेटच्या शालिनीवहिनींनी फोनवर सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणाली, नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की हे घर जातं, मार्चमध्ये काव्याची बोर्डाची परीक्षा आहे, आणि तुमच्या वर्गात माणसं किती आहेत?

म्हटलं, उपस्थिती शंभर टक्के.

खरं तर वूही गेले. फोनवरच्या कुठल्याशा ॲपवर इंग्लिश शिकतात. आज दुकानाच्या दारात त्यांनी एका कस्टमरला ‘नो रिटर्न, माय फ्रेंड’ असं खणखणीत सांगितलं. उच्चार बरा होता. पाया नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
माझ्या जागेसाठी इंटरव्ह्यू. सहा जण आले. शेटनी प्रत्येकापुढे एक पुठ्ठा सरकवला. एक केरळचा, दोघे फिलिपिनो, एक लाहोरचा, ते वाचणार तरी काय. पण पुण्याच्या दोघांनाही जमलं नाही. एकाने विचारलं, सर, हे उर्दू आहे का. मी शेजारी उभा राहून सगळ्या चिठ्ठ्या घडाघडा वाचून दाखवल्या. मिशीत हसू मावेना. शेट म्हणाले, हसू नकोस, पंधरा दिवस आहेत. म्हणजे मोजताहेत! आतून खचलेत.

१८ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३
लिहायला हात वळत नाही.

सकाळचा वर्ग रद्द, कारण लिन मॅडम दिवाळीचे सॅम्पल घेऊन आमच्या ऑफिसला येणार होत्या. मीही ऑफिसला. भिवा माझी वाट बघत पुठ्ठा धरून उभा होता. मी फोनवर होतो, महत्त्वाचा नव्हता, पण होतो. तेवढ्यात लिन मॅडमनी पुठ्ठा हातात घेतला आणि बोट फिरवत एकेक अक्षर लावून वाचला : गोडाऊन चार. कप सेट, चाळीस कार्टन. डॅमेज बारा. रिटर्न.

भिवा ट्रककडे पळाला. शेट केबिनमधून बाहेर आले. दुसरा पुठ्ठा दिला, तोही वाचला. तिसरा वाचताना त्यांनी शेटचा एक ऱ्हस्व-दीर्घसुद्धा दाखवला. शेट मराठीतच बोलायला लागले. ते त्यांना कळलं नाही, पण काय चाललंय ते कळलं.

शेटनी मला विचारलं, हे हिला कुणी शिकवलं? मी छाती काढून म्हटलं, मी.

१९ ऑक्टोबर, रविवार
नीट विचार केला तर हा माझ्या पद्धतीचा विजय आहे. पाच आठवड्यांत चिनी बाई जगन्नाथशेटचं अक्षर वाचते. कुठल्या विद्यापीठाला जमलंय का? शिवाय चिठ्ठीतले अर्धे शब्द इंग्लिशच आहेत, म्हणजे इंग्लिशही आलंच की.

लिन मॅडमचा मेसेज आला. त्यांच्या मालकाने दुकान विकायला काढलंय, शेटनी मॅनेजरची जागा दिली आहे, आणि टीचर, थँक यू. पुढे फूल.

मला भीती वाटली. खरीखुरी. काव्या आतल्या खोलीत इतिहास पाठ करत होती, मोठ्याने, इंग्लिशमध्ये. ही शाळा मार्चपर्यंत पुरली पाहिजे एवढंच सारखं डोक्यात येत होतं. पोरीला धड सांगताही येईना. नुसताच जाऊन पंखा कमी करून आलो. ती म्हणाली, बाबा, आर यू ओके? म्हटलं, तू वाच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
शेटच्या अल बर्शाच्या घरी फराळाला बोलावलं होतं. उर्मिला चकल्यांचा डबा घेऊन थेट स्वयंपाकघरात शालिनीवहिनींकडे गेली आणि तासभर बाहेर आली नाही. मी हॉलमध्ये शेटसमोर. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो, इंग्लिशमध्ये. शेट करंजी खात क्रिकेटबद्दल बोलत होते. मग आतून वहिनींनी हाक मारली, ते आत गेले. परत आले तेव्हा करंजी संपली होती.

खाली पार्किंगमध्ये म्हणाले, तू कुठे जाऊ नकोस. लिन मॅडम एक तारखेपासून मॅनेजर. तू तिच्या हाताखाली असिस्टंट. पगार तोच. इन्शाल्ला पुढे बघू. म्हणजे शेवटी विनवलंच! मी म्हटलं, मला दोन दिवस विचार करावा लागेल. उर्मिलाने गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, विचार झालाय त्यांचा.

राजीनामा परत घेतला. तो शेटच्या खिशातच होता.

३ नोव्हेंबर, सोमवार
लिन मॅडमच्या हाताखाली पहिला दिवस. टेबल खिडकीजवळचं त्यांना, मला प्रिंटरजवळचं. प्रिंटरजवळ काम जलद होतं.

माझी दोनशे चाळीस शब्दांची यादी त्यांना भेट दिली. दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले आणि खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. मग आपली यादी भिंतीला चिकटवली. वीस शब्द. फुटलं, कमी आलं, ओलं झालं, परत घ्या, आज पाठवा. त्यांच्या दुकानात आणि आमच्या गोडाऊनमध्ये रोज लागतात तेच, इंग्लिशमध्ये. मला म्हणाल्या, तुमचे ईमेल लांब असतात, समोरच्याला त्यात माल सापडत नाही. आजपासून माल पाठवणाऱ्यांनी हे शिकायचं, शुक्रवारी टेस्ट. पुस्तक नाही. ए पण नाही, झेड पण नाही.

ही काय पद्धत झाली? बघू किती दिवस टिकते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
टेस्ट झाली. मॅडम एकेक वस्तू टेबलावर ठेवत होत्या, आम्ही एकेक शब्द लिहायचा. कान तुटलेला कप ठेवला. मी लिहिलं, विथ रेफरन्स टू द कप, आय ॲम टू स्टेट दॅट. तोवर पुढची बशी आली होती. मॅडमनी त्याला शून्य दिलं आणि शेजारी फूल काढलं, माझ्या मते गुरूचे उपकार स्मरून. एकूण दहापैकी सहा.

घरी उर्मिलाने विचारलं, कसं झालं? म्हटलं, वर्गात दुसरा आलो. ती खूश झाली, काय लपवायचं, मीही झालो. व्हिसा आहे, घर आहे, पोरगी मार्चची परीक्षा इथेच देईल. उर्मिलाने देवापुढे साखर ठेवली.

काव्याने विचारलं, बाबा, सेकंड आउट ऑफ हाऊ मेनी?

दोन. दहापैकी दहा भिवाला.