पांढऱ्यावर पांढरी फुली

सोम., ३ नोव्हें.
विणकर खलीलभाई शहागंजातून आले, काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी. आत त्यांच्या अब्बांनी काढलेला हिमरू शालीचा नक्शा, चौकटीच्या कागदावर हातानं भरलेला. एक कोपरा कसरीनं खाल्लाय. आणि नेमकं त्याच कोपऱ्यातल्या कोयरीचं टोक अब्बा मुद्दाम वेगळं वळवायचे. सही करत नव्हते, म्हणाले, ते टोक हीच सही. खलीलभाईंना ते पाठ आहे. पण डोळ्यांना काचबिंदू. डॉक्टर म्हणतो, आहे तेवढी नजर सांभाळा, गेलेली परत यायची नाय. तेव्हा नजर शाबूत आहे तोवर नक्शा कॉम्प्युटरात उतरवायचा. मी हो म्हणून बसलो. जन्मभर वायरमनकी केली, कॉम्प्युटर माझा मीच शिकलो. एवढं तर जमेल.

बुध., ५
कॉम्प्युटरात हिशेबाचा तक्ता असतो, त्याचे रकाने बारीक करून चौकटी पाडल्या. कागद शाबूत होता तेवढा नक्शा पिवळा रंग देऊन मीच भरला, कालपासून तेच चाललंय. कोपरा मात्र ख.भाईंचा. तुम्ही सांगा, मी दाबतो, म्हटलं. नको म्हणाले, तोंडानं सांगता येत नाय, हात चालला की आठवतं.
माऊस दिला हातात. बाण सापडेना. "किधर गया तुम्हारा तीर?" दाखवला. दोन बोटं सरकला की पुन्हा गायब. सौ. स्वैपाकघरातनं म्हणाली, अहो, तुमचा चष्मा हरवला की मी डोक्यावर बघते, आता ह्याला कुठं बघू?

शुक्र., ७
सेटिंगमध्ये शिरलो. बाणाचं माप वाढवायची पट्टी घावली. शेवटपर्यंत ओढली. बाण नांगराच्या फाळाएवढा! ख.भाई खूश. पण चार चार चौकटी त्याच्याखाली झाकायल्या. वर दाबतं फक्त टोक, हे त्यांना पटेना. ते पोटानं दाबायचे. "इतना बड़ा दिये, और काम की खाली नोक?"
माप अर्ध्यावर आणलं.

शनि., ८
नवीन सापडलं. कंट्रोलचं बटन दाबलं की बाणाभोवती वर्तुळं येतात, मोठ्याची लहान होत बाणावर येऊन मिटतात. ख.भाईंना लई आवडलं. अर्धा तास नुसती वर्तुळंच. सौ. चहा घेऊन आली तर तिला बसवून दाखवली, "भाभी, देखो देखो." भरलेल्या चौकटी: शून्य. बाण कुठाय ते कळतं, पण हलवला की पुन्हा शोधा.

सोम., १०
रंग. मी हिरवा केला, तो मागच्या डोंगराच्या चित्रात विरघळला. सौ.नं गुलाबी निवडला. झकास, घरभर दिसेल असा. लगेच नक्शा उघडला, तर चौकटीत शिरल्याबरोबर बाणाची फुली झाली आणि ती पांढरीच. पांढऱ्या चौकटीवर पांढरी फुली. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा गुलाबी रंग बाहेरच राहतो.
तासभर खटपट. ख.भाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मीच बंद केलं. उतरताना पायरी चुकली त्यांची. कठड्याला धरलं म्हणून वाचले.

बुध., १२
आले नाय. फोन केला. डोळ्यांत औषध घालून पडलेत. आवाज नेहमीचाच, पण एकदा पण चेष्टा केली नाय. मला करमेना. फुलीचा रंग बदलायला सगळी सेटिंग पालथी घातली. नाय बदलत.

शुक्र., १४
आज आले. फुली काय रंग बदलत नाय, असं तोंड पाडून सांगितलं. तर मलाच विचारतात, "फुली को छोड़ो. ज़मीन कायकू सफेद रखे?"
आधी कळेना. कापडात बुट्टीच्या, म्हणजे नक्षीच्या, मागचा जो रंग, त्याला विणकर जमीन म्हणतात. बुट्टी उठून दिसेना तर आम्ही बुट्टीला हात लावत नव्हतो, म्हणाले, जमीन गडद करायचो. आणि मी आठ दिवस बाणाच्या मागं!
घाईघाईत सगळ्या चौकटींना डाळिंबी रंग दिला, तर माझ्या पिवळ्या कोयऱ्या पण बुडाल्या. मागं फिरवून परत आणल्या. मग मोकळ्या चौकटी तेवढ्या रंगवल्या, दुपार गेली त्यात. पण फुली काय उठली! सौ. दारात उभी राहून म्हणाली, मला इथनं दिसायलीय ओ.

सोम., १७
ख.भाईंनी एकट्यानं कोपरा भरला. बोट दाखवायला मी नाय, कुणी नाय. मी आपला शेजारी पेरू कापत. हात असा चालला, बघत राहावं. "वायरमन साहब, तुम्हारा नौकरी गया," म्हणाले. उरलं फक्त कोयरीचं टोक. सात चौकटी. तिथं थांबले. थकलो म्हणाले.

बुध., १९
टोक आत वळवलं. बघितलं. पुसलं. बाहेर वळवलं. पुसलं. मी म्हटलं, फुली दिसत नाय का? चष्मा काढून मांडीवर ठेवला त्यांनी.
"फुली तो साफ दिख रही. वही तो मुश्किल है, भाई. नोक याद नहीं आती, और आज तलक इल्ज़ाम आँख पे डालता था."
सौ.नं विचारलं, भाईजान, हाताला कुठलं सोपं जातं? हसले. आत वळवायला सोपं, म्हणाले, पण अब्बा सोपं करतील असे नव्हते.
पुन्हा आत वळवलं. सहा चौकटी भरल्या. निघाले, जिन्यावरून परत वर आले, बूट न काढता दारातूनच पडद्याकडं बघितलं. मी विचारलं, पुसू का? बोलले, नक्को, राहू दे, बघू कसं वाटतंय. सातवी मोकळी ठेवून गेलेत.
कॉम्प्युटर बंद केला नाय मी. फुली त्या सातव्या चौकटीवर उभी आहे. सौ. येता-जाता बघतेय. म्हणते, कोयरी आत वळलेलीच बरी दिसते. मला मघाशी बाहेरची बरी वाटत होती.